जुईचा फाया

“मॅम, हा नको. हा फार डेलिकेट आहे. तुमच्या पर्सनॅलिटीला हा दुसरा मस्त जाईल बघा.”

काउंटरमागच्या पोरीनं हे इतक्या आपुलकीनं म्हटलं की रागवायलाही जागा ठेवली नाही. मी तिथं गेले होते भाचीच्या साखरपुड्यासाठी काहीतरी घ्यायला. मॉलमधल्या त्या थंडगार, पांढऱ्याफेक दुकानात तिनं कागदाच्या सात-आठ पट्ट्यांवर फवारे मारून त्या माझ्यापुढं पत्त्यांसारख्या मांडल्या होत्या. भाचीचं काम तिसऱ्या पट्टीलाच झालं. पण शेवटून दुसरी पट्टी नाकाशी नेली आणि हात तिथंच राहिला. आधी नुसता गारवा, रांजणातल्या पाण्याला असतो तसा. मग देठ मोडल्यावर येतो तो हिरवा, किंचित कडू वास. आणि त्याच्या मागून, दाराआडून बघणाऱ्या लेकरासारखी, जुई. अगदी जुई नव्हे. जुईची शहरात वाढलेली चुलत बहीण म्हणा. मी विचारलं, “हा केवढ्याला? माझ्यासाठी.” त्यावर पोरीनं मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाच फूट आठ इंच उंची, खांद्याला ऑफिसची जाड पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि बँकेत पीककर्जाच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं ओरडून घट्ट झालेला आवाज. तिचा हिशेब तेवढ्यात झाला. “हा घ्या मॅम, वूडी आहे, स्ट्राँग आहे. बॉस लेडी टाइप.” त्या बॉस लेडीचा वास नव्या फर्निचरच्या दुकानासारखा होता. मी भाचीची बाटली घेतली, पैसे दिले, आणि निघताना ती शेवटून दुसरी पट्टी गुपचूप पर्समध्ये टाकली. चोरी म्हणायची तर चोरी.

चार दिवस झाले तरी ते वाक्य काही जाईना.

अपमान वाटला असं नाही. पोरगी खरंच बोलली. शाळेत मला पहिलवान म्हणायचे, आणि लग्न ठरताना सासूबाईंनी आईला हळूच विचारलं होतं, की मुलगी रागीट तर नाही ना. नाजूक हा शब्द माझ्या वाट्याला कधी आलाच नाही, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून काही अडलंही नाही. खुपत होतं ते वेगळंच. त्या पोरीच्या डोक्यात एक साधं समीकरण होतं: नाजूक वास, नाजूक बाई. बहुतेकांच्या डोक्यात असतं. मासिकातली जाहिरात बघा, फुलाच्या अत्तराशेजारी कायम एक पातळ, गोरी, कुठंतरी लांब बघणारी मुलगी. आणि मला आयुष्यात जुईचा वास रोज येणारी एकच बाई माहीत होती. ती अशी लांबबिंब बघत नसे. ती सरळ तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही नजर खाली घालायचा.

आत्या. माझ्या वडलांची थोरली बहीण, सगळ्या गावाची अक्का.

गंगाखेडपासून आत, गोदावरीच्या काळ्या रानातलं आमचं गाव. आत्या चोविसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. वडील परभणीला नोकरीला, आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं शेती तिच्यावर आली. आली म्हणण्यापेक्षा तिनं ती ओढून घेतली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेली तेव्हा मुकादमानं हजेरीत गडबड केली म्हणून भर उन्हात त्याच्यापुढं हातोडा आपटून बसली होती, असं गावात अजून सांगतात. सालगडी तीन शेतं पलीकडं असला तरी आखाड्यावरून हाक मारून थांबवायची. मोंढ्यात कापूस घेऊन गेली की आडत्या आधी काटा पुसायचा. शिव्या अशा द्यायची की त्यात ऐकणाऱ्याच्या घराण्याचा सगळा इतिहास यायचा. तळहात खुरप्याच्या मुठीसारखे, गुळगुळीत आणि टणक. सकाळी माळवदावर बसून मिश्री लावायची ती अर्धा तास, तोंडात बोट, आणि तशातच खाली गोठ्यातल्या गड्याला हुकूम. तिच्या उशाशी विळा असायचा. मी एकदा विचारलं कशाला, तर म्हणाली, “सापासाठी.” जरा थांबून म्हणाली, “दोन पायाच्या बी.”

आणि तिच्या कानात जुई असायची.

कानाच्या पाळीच्या वर, आतल्या बाजूला जी एक वळी असते ना, तिथं. ज्वारीच्या दाण्याएवढा कापसाचा फाया. रंगानं पिवळसर, बाहेरून दिसायचा नाही, वरून पदर. सुट्ट्यांमध्ये आम्ही गावी गेलो की मी आत्याजवळ झोपायची, उन्हाळ्यात माळवदावर आणि थंडीत आत बळदाच्या भिंतीला लागून. तिच्याजवळ सगळे वास एकावर एक रचलेले असत, उतरंडीसारखे. सगळ्यात वर मिश्रीचा जळका, कडवट. त्याखाली गोवरीचा धूर. मग घाम, ताक, शेण, लुगड्याच्या नवीन कापडाची खळ. आणि सगळ्यात खाली, हात घातला तरच लागेल असा, जुईचा. दिवा मालवला की ती उजव्या कानातला फाया काढायची, दोन बोटांत धरून जरासा फुलवायची आणि डाव्या कानात घालायची. रोज. मी टक लावून बघायची. “काय बघायलीस टकाटका? झोप आता,” असं म्हणून माझ्या डोळ्यांवर हात ठेवायची, आणि त्या बोटांना मग बराच वेळ वास यायचा. कान का बदलायचा हे मी कधी विचारलं नाही. मोठ्या माणसांच्या असल्या सवयी लेकरांना पावसासारख्या वाटतात. त्या असतात.

हे अत्तर यायचं परभणीच्या उरुसातून. तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उरूस म्हणजे आमच्या जिल्ह्याची दिवाळी. जात-धर्म न बघता सगळा जिल्हा तिथं लोटतो, पाळणे, भांडी, खजूर, घोंगड्या, काय नाही ते. आत्या दरवर्षी जायची. घरी सांगायची की बैलाचा नवस आहे. आमच्या बैलांना इतके आजार होते हे मला नंतरच कळलं. दर्ग्यात फुलं वाहून झाली की ती बांगड्यांच्या दुकानांकडं न बघता, भांड्यांच्या दुकानांकडं न बघता सरळ एका अत्तरवाल्याकडं जायची. लाकडी पेटी, आत मखमली खाचा, खाचांत काचेच्या कुप्या. मागं बसलेले चाचा, दाढी मेंदीनं लाल. इतर गिऱ्हाइकांना ते आधी मनगटाच्या मागं काचेची कांडी टेकवायचे, हिना दाखवायचे, खस दाखवायचे, मग मजमुआ, मग भाव. आत्याला काही दाखवायचे नाहीत. “आव बहन, तुम्हारा रक्खा हूँ,” म्हणत पेटीच्या खालच्या कप्प्यातून एक बोटाएवढी कुपी काढायचे, बूच उघडायचे नाहीत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून द्यायचे. तिच्या हाताला अत्तर लावायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. कसं कळलं होतं त्यांना, कुणास ठाऊक. कपाळ बघून कळलं असेल. मी शेजारी उभी असायची, मला विचारायचे, “बेटी को लगाऊँ?” आत्या म्हणायची, “नक्को.”

चाचा एकटेच बोलायचे. माल कन्नौजचा आहे म्हणायचे. ते तेव्हा माझ्या कानावरून गेलं, पण आता वाचते तेव्हा त्यांचे शब्द ओळखीचे लागतात. देग म्हणजे तांब्याचा मोठा हंडा, त्यात फुलं आणि पाणी. तोंडाला मातीचा लेप लावून बंद. बांबूची नळी, तो चोंगा. नळीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या हौदात ठेवलेला भपका, आणि भपक्यात चंदनाचं तेल. फुलांची वाफ येते आणि त्या तेलात मुरते. दुसऱ्या दिवशी नवी फुलं, तेल तेच. असं पंधरा-पंधरा दिवस. म्हणजे अत्तरात नुसतं फूल नसतंच. खाली कायम चंदन असतं, जड, शांत, पाय रोवून उभं. फूल त्याच्या खांद्यावर बसतं. हल्ली चंदन परवडत नाही म्हणून पॅराफीनसारखं तेल वापरतात, आणि मग वास तासाभरात पसार होतो. चाचा सांगायचे, “नीचे संदल नहीं तो जुही कहाँ टिकती बहन.” आत्या मान हलवायची, पैसे मोजायची आणि कुपी पदराच्या गाठीत जायची. परतीच्या एसटीत आम्ही दोघी ऊस खात यायचो. त्या दिवशी ती कुणाला शिवी द्यायची नाही.

आता हे लपवणं कशासाठी, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. विधवेनं फूल माळायचं नाही. कुंकू नाही, हिरवी बांगडी नाही, गजरा नाही. गंमत म्हणजे आत्याच्या कपाळाला बुक्का असायचा, आणि बुक्क्याला काय सुंदर वास असतो! पण तो चालायचा. विठ्ठलाच्या नावानं आलेला सुवास पवित्र, आणि वेलीवरून आलेला मात्र बाजारू. अंगणातच, न्हाणीच्या मागं जुईचा मांडव होता आमच्या. संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की आजी आत्यालाच कळ्या तोडायला लावायची, आईच्या गजऱ्यासाठी, माझ्या वेणीसाठी, देवासाठी. शेतात पुरुषांना पाणी पाजणारी बाई न्हाणीमागं चवड्यांवर उभी राहून कळ्या खुडायची, पदरात गोळा करायची आणि सगळ्या वाटून टाकायची. आजी क्रूर नव्हती. तिच्या लेकीनं उपाशी राहू नये म्हणून ती स्वतःची भाकरी मोडून द्यायची. पण फुलाचं आणि भाकरीचं खातं तिनं वेगळं ठेवलं होतं. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग सरकारनंही परिपत्रक काढलं, तेव्हा मी ती बातमी डबा खाता खाता वाचली आणि मला भाजीचा घास गिळेना. आत्या जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

गजरा दिसतो. अत्तर दिसत नाही. तिनं एवढीच फट शोधली होती, आणि तिच्यात ती कितीतरी वर्षं राहिली.

ती फट मी बुजवली.

मी आठ वर्षांची असेन, म्हणजे 1980 च्या आसपासची गोष्ट. संक्रांतीला आम्ही गावी होतो आणि आईनं हळदीकुंकू ठेवलं होतं. सोप्यात सतरंजी, तिळाच्या वड्या, बोरं, ऊस, हुरडा. माझ्याकडं मानाचं काम होतं: जर्मन सिल्व्हरची अत्तरदाणी. बायका हात पालथा करायच्या आणि मी ऐटीत कांडी फिरवायची. मागून माझी मावसबहीण गुलाबदाणी शिंपडत यायची. आत्या अर्थात सोप्यात नव्हती. ती आत चुलीपाशी, वीस-पंचवीस बायकांच्या चहाचं बघत होती. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी माझा हात धरला, नाकाशी नेला, मग मला जरा जवळ ओढून माझ्या मानेशी हुंगलं. “अगं, दाणीत तर गुलाब हाय. तुझ्या अंगाला जुईचा वास कशाचा येतोय?” आणि मी, सगळ्या बायकांमध्ये मला काहीतरी विचारलं म्हणून फुगलेली मी, मोठ्यानं सांगितलं, “हा आत्याचा! आत्या रोज कानात घालती. तिच्या पेटीत बाटली हाय.”

कुणी काही म्हटलं नाही. एकीनं उगीच पदर सारखा केला. त्या काकू माझा हात सोडून वडीच्या ताटाकडं वळल्या. आजी उठून आत गेली. आतून चुलीतलं लाकूड पुढं सारल्याचा आवाज आला आणि मग चहाची पातेली बाहेर आली, आत्याच्या हातात नव्हे, गड्याच्या बायकोच्या हातात. मला कळलं की काहीतरी झालंय. काय, ते कळायला पुढची पंधरा वर्षं लागली.

त्या रात्री मी तिच्याजवळच झोपले. मिश्री होती, धूर होता, शेण होतं. उतरंडीचं सगळ्यात खालचं मडकं कुणीतरी काढून नेलं होतं. ती कुपी आजीनं फोडली की आत्यानंच न्हाणीत ओतली, मला माहीत नाही. ती मला काही बोलली नाही. एवढ्या तेवढ्यावरून घराणं काढणारी बाई, तिनं मला एक शिवी तरी द्यायची. तेवढं केलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

महिनाभरातच उरूस आला. ती गेली, मला घेऊन गेली. दर्ग्यात फुलं वाहिली. चाचांच्या दुकानावरून पुढं निघाली तेव्हा मागून हाक आली, “बहन!” ती थांबली. “औंदा नको, चाचा.” चाचांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काही विचारलं नाही. खालच्या कप्प्यातली कुपी काढली, बूच उघडलं आणि माझ्या हाताच्या मागं कांडी टेकवली. यावेळी आत्यानं नक्को म्हटलं नाही. गंगाखेडच्या एसटीत मी खिडकीशी बसून तो हात फ्रॉकला घासत राहिले, घासत राहिले. चंदनातलं अत्तर असं जात नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी तिच्यासाठी अत्तर घेतलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. गुलमंडीतून सिटी चौकाकडं जाताना एका दुकानात चांगली महागाची कुपी निवडली, जुईच आहे ना असं तीनदा विचारून घेतली. मनात सगळं भाषण तयार होतं. आत्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास, आजी गेलेली, घरात सांगणारं-विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिनं बूच काढलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. “हे जुई न्हाई,” म्हणाली. “जाई बी न्हाई. साबण हाय हे.” आणि बूच लावून कुपी देवळीत ठेवली. माझं भाषण घशातच राहिलं. तीन महिन्यांनी पोळ्याला गेले, तर खांदेमळणी झालेली, बैलांना झुली, शिंगांना बेगड, आणि मिरवणुकीत आमचा ढवळ्या पुढं आला तसा भपकन् वास आला. तिनं ती आख्खी कुपी बैलाच्या शिंगांना आणि वशिंडाला लावली होती. वर मलाच म्हणाली, “बघ, कसा नवरदेव दिसायलाय!” आणि हसली, मोठ्यानं, मिश्रीचे काळे दात दाखवत. मी पण हसले. ती माफी होती का, सूड होता, की नुसती गंमत, मी अजून ठरवू शकलेली नाही. बहुतेक तिन्हीचं मिश्रण असावं, मजमुआ.

तर पर्समधली ती पट्टी. चौथ्या दिवशीही तिच्यात थोडा वास होता. रात्री मी फोनवर शोधत बसले की त्या बाटलीत नक्की असतं काय. फूल निघालं लिली ऑफ द व्हॅली. थंड मुलखातलं, पांढऱ्या घंटांचं. वाचून गंमत वाटली, कारण त्या फुलातून अत्तर निघतच नाही म्हणे. कसंही करा, कामाचं तेल हाती लागत नाही. त्याचा वास जो बाटलीत येतो तो दुसऱ्याच पदार्थांतून जुळवून बांधलेला असतो. 1956 साली एडमाँड रुडनिट्स्का या फ्रेंच माणसानं डिओरिसिमो नावाचं यातलं सगळ्यात गाजलेलं अत्तर बनवलं, तेव्हा त्यानं ती फुलं स्वतःच्या बागेत लावली होती, रोज हुंगून ताडून बघायला. आणि ज्या क्रिस्तियाँ डिओरसाठी ते बनवलं, तो म्हणे शुभशकुन म्हणून या फुलाची डहाळी आपल्या पोशाखांच्या काठाच्या शिलाईत आतून शिवून टाकायचा. इथं मी फोन खाली ठेवला. कुठं पॅरिसचा शिंपी, कुठं गंगाखेडची आत्या. पण फूल आतून शिवायची कल्पना दोघांना सुचली. त्याची गोष्ट कौतुकाची झाली. तिला पदराची गाठ मारावी लागली.

आणखी एक वाचलं, ते तर त्या काउंटरवरच्या पोरीला जाऊन सांगावंसं वाटलं. मोगरा-चमेलीच्या कुळातल्या पांढऱ्या फुलांत इंडोल नावाचा एक पदार्थ असतो. तोच पदार्थ शेणातही असतो. फुलात अगदी नावापुरता, पण तो काढून टाकला तर म्हणे फुलाचा जीव जातो आणि वास साबणासारखा सपाट होतो. साबण हाय हे! आत्याला केमिस्ट्री कुठली. पण नाक पक्कं होतं. गोठ्यात जन्म काढलेल्या बाईला कळणारच, की जुईत थोडा गोठा असावा लागतो. आणि जुईचं शास्त्रीय नाव बघितलं, जास्मिनम ऑरिक्युलाटम, तर त्याचा अर्थ कानवाली. मोठ्या पानाच्या बुडाशी दोन इवली पानं असतात, कानांच्या पाळ्यांसारखी. एवढी वर्षं न्हाणीमागच्या त्या वेलीला मी पाहत होते, कान कधी दिसले नव्हते.

शनिवारी पुन्हा गेले. पोरगी तीच होती. तिनं मला ओळखलं नाही, दिवसाला शंभर जणी येत असतील. पुन्हा पट्ट्या मांडायला लागली. मी म्हटलं, “राहू दे. तू स्वतः कोणता लावतेस ते सांग.” ती जराशी गोंधळली. मग हसली, आणि तिचं ते मॉलमधलं मराठी गळून पडलं. “मी कशाचं लावते मॅडम. दिवसभर ह्याच वासात. वाळूजला घरी गेल्यावर आधी आंघोळ करते, आईचं डोकं दुखतं माझ्या वासानं.” मग कागदाच्या पट्ट्या गोळा करता करता म्हणाली, “खरं सांगू का? मला आता ह्यातलं काहीच येत नाही. पाठ केलंय सगळं. हा फ्रेश, हा डेलिकेट, हा स्ट्राँग.” तिच्यावर चार दिवस मनातल्या मनात चिडले होते त्याची मला लाज वाटली. मी ती शेवटून दुसरी बाटली दाखवली आणि म्हटलं, हा दे. तिनं यावेळी पर्सनॅलिटी काढली नाही. नमुन्याच्या बाटलीतून मनगटावर फवारा मारायला लागली तशी मी मान तिरपी केली. “इथं मार. कानाला.” तिला गंमत वाटली असावी, पण मारला.

रिक्षात बसले. सेव्हन हिल्सचा पूल येईपर्यंत मला वास येत होता: गारवा, देठ, आणि मागून ती. मग येईनासा झाला. मी मान वळवून, रुमाल कानाला घासून हुंगून पाहिलं, नाही. एवढ्यात रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, “मॅडम, गजरा घेतला का? मस्त वास यायलाय मागून.” मी नाही म्हटलं. त्याला येत होता. मलाच येत नव्हता. नाकाचं असंच असतं, सारखा एकच वास आला की पाच-दहा मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्या पोरीचं तेच झालेलं.

आणि मग पुलावरच्या गर्दीत रिक्षा अडकली असताना मला आत्याचं कोडं पडलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तिनं ती जुई फक्त स्वतःसाठी ठेवली होती. कुणाला दिसू नये, कळू नये, आपली आपल्याला पुरे. गोष्ट छान आहे. मी ती दोन-तीन मैत्रिणींना सांगितलीही आहे, डोळ्यांत पाणी आणून. पण कानात दिवसभर फाया घालणाऱ्या बाईला स्वतःला तो वास कितीसा येणार? सकाळी घातला की मिश्री लावून होईपर्यंत संपला. मग उरलेला दिवसभर, रानात, मोंढ्यात, आखाड्यावर, ती तो वास कुणासाठी बाळगत होती? सालगड्याला आला असेल का? आडत्याला? आला असेल तर ते बोलले नाहीत, त्यांची काय बिशाद. आणि रात्री दिवा मालवल्यावर तो फाया काढून, फुलवून, दुसऱ्या कानात घालायचा तो कशासाठी?

मी तिच्या डाव्या अंगाला झोपायची.